बीपीचा सातबारा

या, असं जवळ सरका. मागच्या खेपेला आलात ते दारातूनच गेलात. चहा तसाच कपात राहिला, त्याच्यावर साय आली. असं कुणी करतं का? ठेवा ती पिशवी खाली, मोबाईल ठेवा उपडा, आणि बसा. आमच्या शेजारच्या मन्मथप्पांचं सांगते, आणि मन्मथप्पा हा काही उभ्या उभ्या सांगून संपणारा माणूस नाही.

माणसं भेटली की राम राम म्हणतात, शरणार्थ म्हणतात, फार तर "जेवलाव का" विचारतात. मन्मथप्पा विचारतात, "वर किती, खाली किती?"

आमच्या गल्लीला सवय आहे, आम्ही आपला आकडा सांगून मोकळे होतो. पण गेल्या वर्षी आमचा नवा जावई पहिल्यांदाच इथं झरीला आला होता. ओसरीवर बसला होता बिचारा, नवा शर्ट घालून. मन्मथप्पा आले, चप्पल काढली आणि विचारलं, "जावईबापू, वर किती, खाली किती?" त्याला वाटलं हे घराचं विचारायलेत. तो म्हणाला, "वर दोन, खाली तीन." मन्मथप्पांनी लगेच त्याचं मनगट धरलं आणि नाडी लागते का बघितलं.

तर विषय असा बीपीचा. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, मन्मथप्पांनी शिकवलं, रोज सकाळी, मी नको म्हणत असताना.

हा माणूस पस्तीस वर्षं तलाठी होता. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खांद्याला कापडी दप्तर. गावोगावच्या सातबाऱ्यांवर त्यांचं अक्षर, एकेक अक्षर ज्वारीच्या दाण्यासारखं सुटं. रिटायर झाले तेव्हा हाताखालच्या मंडळींनी सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, एक बीपीचं मशीन दिलं. शाल त्यांनी देवळात देऊन टाकली. नारळाची चटणी झाली. मशीन राहिलं. दुसऱ्या दिवशी दप्तरात जमिनीच्या कागदांच्या जागी मशीन गेलं, आणि मन्मथप्पा परत कामावर रुजू झाले.

एक जाड वही आहे त्यांच्याकडं. प्रत्येक घराला एक पान. वर घराचं नाव, खाली धारक. धारकाच्या पुढं वरचा आकडा आणि खालचा आकडा. कुणाला साखरेचा आजार असला तर तो "इतर हक्क" या रकान्यात. मी विचारलं, "असं का हो, अप्पा?" तर म्हणाले, "वैनी, मूळ मालक बीपी. साखर मागून येऊन बसली, कुळावानी. आता निघता निघंना." शेतातला जो तुकडा पिकत नाही त्याला सरकारी कागदावर पोटखराब म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मन्मथप्पांच्या वहीत ज्याला गॅस धरतो, ज्याला आंबट ढेकर येतात, त्याच्या पुढं तो शब्द. आमच्या ह्यांच्या, म्हणजे मालकांच्या, नावापुढं लिहिलंय, "पोटखराब, संपूर्ण क्षेत्र."

मालक चिडले. म्हणाले, "मी हरकत घेणार."

"घ्या की पाटील," मन्मथप्पा म्हणाले. "नोंद कच्ची हाय. पंधरा दिवसांत लेखी कळवा."

कारण एकदा मोजलेला आकडा त्यांच्या लेखी कच्चा. पंधरा दिवसांनी परत मोजायचा, मग पक्का. हे त्यांनी तहसीलच्या शिरस्त्यावरून उचललं होतं. पण एकदा दवाखान्यातले डॉक्टर बोलून गेले की एका वेळच्या आकड्यावर कुणाला बीपीचा पेशंट ठरवत नसतात, पुन्हा मोजून बघावं लागतं. तेव्हापासून मन्मथप्पा त्या डॉक्टरांना "आमच्या खात्याचा माणूस" म्हणतात.

मोजायची पद्धतही कडक. खुर्चीला पाठ टेकायची, पावलं जमिनीला, हात टेबलावर, आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. आता तुम्हीच सांगा, पाच मिनिटं गप्प म्हणजे काय? मी लग्नातही भटजींना मधे मधे सुचवत होते. चार दिवस सलग माझी नोंद झाली नाही. तिसऱ्या मिनिटाला मला आठवायचं की दूध वर आलं असेल, चौथ्याला आठवायचं की विमलच्या सुनेचा दवाखान्यातला दिवस आजचा. मन्मथप्पांनी वहीत लिहिलं, "धारक बोलत असल्याने मोजणी तहकूब." पाचव्या दिवशी मी तोंडात खडीसाखर धरून बसले तेव्हा कुठं जमलं. एकशे तीस, पंच्याऐंशी. आमचे मालक म्हणाले, मन्मथप्पांनी आयुष्यात एवढं एक काम तरी पुण्याचं केलं.

पण त्यांचं खरं वेड मोजण्याचं नव्हतं. ते होतं वारशाचं.

"आमचं बीपी खानदानी हाय," ते म्हणायचे. दुसरी माणसं खानदानी म्हणून तलवार दाखवतात, मोडीतला कागद दाखवतात. हे दंडाला पट्टा गुंडाळून मशीन दाखवायचे. "आमच्या अप्पाचं म्हणजे वडील शिवप्पाचं बीपी साऱ्या शिवारात एक नंबर. एकशे नव्वद वर. त्या बीपीवर त्यांनी देवगाव फाट्यावर बंद पडलेली एसटी ढकलली."

मी विचारलं, "तवा कुणी मोजलं होतं?"

"मोजायचं काय त्याच्यात. कानाच्या पाळ्या लाल दिसायच्या."

स्वतःला बीपी निघालं त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. हसू नका, मी खाल्लाय त्यातला पेढा. डॉक्टरांनी रोजची गोळी लावली, आणि गोळीनं आकडा खाली आला की मन्मथप्पांचा चेहरा पडायचा. सकाळी यायचे, ओसरीवर टेकायचे. "एकशे सव्वीस आलंय, वैनी." मी म्हणायचे, बरं झालं की. तर मान खाली घालून म्हणायचे, "अप्पाच्या लेकाला शोभतं का हे?"

आम्हाला वाटायचं, आहे एकेकाचा चक्रमपणा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, माणूस कशात तरी जीव रमवणारच.

मग गेल्या थंडीत मोठ्या शहरातून संशोधन करणारी मंडळी आली. बीपी आणि हृदयाचे आजार घराण्यात कसे उतरतात, रक्तातल्या जनुकांत त्याचं काय सापडतं, हे शोधायला. गावात ज्या घरांत तीन पिढ्या बीपी आहे अशी घरं हवी होती. शाळेत खोली दिली. एक तरुण डॉक्टरीणबाई, तिच्याबरोबर रक्त घेणारा एक जण आणि बर्फाची पेटी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. म्हणाल्या, "बीपीचं असं एकच जनुक नसतं. लहान लहान शेकडो असतात. काही आईकडून येतात, काही वडिलांकडून. प्रत्येक जनुक थोडं थोडं ढकलतं. शिवाय मीठ, वजन, तंबाखू, काळजी हे वेगळंच."

मागून मन्मथप्पा उठले. "म्हणजे मॅडम, सामाईक खातं."

"म्हणजे?"

"एका सातबाऱ्यावर शंभर नावं. परतेकाला अर्धा गुंठा. कुणा एकावर बोट ठेवता येईना, अन् कुणी नाव काढून घेईना."

बाईंनी ते आपल्या कागदावर टिपून घेतलं. म्हणाल्या, "काका, पुढच्या गावात मी असंच सांगणार आहे."

झालं. त्यानंतर मन्मथप्पांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांनी वही काढली. तलाठ्याला वंशावळ काढायची सवय असते, माणूस मेला की वारस कोण हे त्यालाच लिहावं लागतं. त्यांच्या वहीत गावातल्या घरांच्या तीन तीन पिढ्या होत्या. कोण अर्धांगानं गेलं, कोण शेतात छातीवर हात धरून बसलं ते उठलंच नाही, कुणाच्या आईला बाळंतपणात बीपी वाढलं होतं. डॉक्टरीणबाई पान उलटायच्या आणि आपल्या माणसाला म्हणायच्या, "हे बघ. हे बघ." त्यांना महिनाभर हिंडून जमलं नसतं ते या माणसानं गल्लीतल्या ओसऱ्यांवर बसून जमवलं होतं. दोन दिवस मन्मथप्पा शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसले. ज्याला त्याला नंबरानं आत सोडायचे. आमच्या मालकांना म्हणाले, "पाटील, लाईनीत या. इथं वशिला चालत न्हाई."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या घराचं पान निघालं. मी तिथंच होते. संमतीपत्रावर साक्षीदाराची सही लागते, आणि मन्मथप्पांना साक्षीदार म्हणून मीच पाहिजे होते. त्यांचा चुलतभाऊ सांबप्पाही आला होता. भुसार दुकान आहे त्याचं, बोलायला फटकळ, अंगानं पोत्यासारखा.

बाईंनी पान वाचलं. शिवप्पा, त्यांचे दोन भाऊ, त्यांची मुलं, सगळी नावं शाईनं. मग म्हणाल्या, "काका, तुमचं नाव पेन्सिलीनं का?"

मन्मथप्पांनी चष्मा पुसला. "ते तपासायचं राहिलंय."

"तपासायचं काय त्याच्यात," सांबप्पा बोलून गेला. "मॅडम, ते दत्तक हायत. आमच्या थोरल्या चुलत्यानं चारठाण्याच्या सोयऱ्याकडून आणलेलं. त्यांचं रक्त घेऊन तुमाला काय कळणार? माझं घ्या."

मन्मथप्पांनी चष्मा परत पुसायला घेतला. दत्तकाचं गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतंच, मलाही होतं, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण रोज आठवतं? ती एकटे मन्मथप्पाच आठवत होते, हे मला तेव्हा कळलं. घर, शेत, सगळ्यावरून चुलत्यांनी कोर्टापर्यंत ओढलं होतं त्यांना. दत्तकपत्रावर वाद घालता येतो. बीपीवर कोण वाद घालणार? बापाला होतं आणि पोराला आलं, एवढं एकच त्यांना सरळ मिळालेलं वाटत होतं.

"आधी मोजू या," बाई म्हणाल्या.

पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे सहा. बाईंनी परत मोजलं, तेवढंच. "काका, गोळी घेताय ना?"

मन्मथप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "दोन दिवस घेतली न्हाई."

"का?"

"इथं दिसावं म्हणून."

आता रागवावं की काय करावं मला कळेना. मी म्हणाले, "अहो अप्पा, शाळेत पोरं नापास होऊ नयेत म्हणून खोटं बोलतात. तुम्ही बीपीत पास होण्यासाठी जीव टांगणीला लावायलाव?" बाईंनी त्यांना बरंच झापलं, अशी गोळी मनानं बंद केली तर काय होतं ते सांगितलं. मी पळत जाऊन त्यांच्या कोनाड्यातली गोळी आणली आणि समोर उभं राहून घ्यायला लावली.

मग बाईंनी एक वेगळाच कागद काढला. म्हणाल्या, "काका, रक्ताच्या नात्याची यादी वेगळी, त्यात तुम्हाला घालता येणार नाही, ते खरं. पण आम्हाला तुमच्यासारखी माणसं मुद्दाम शोधावी लागतात. रक्त वेगळं, पण घर एक, चूल एक. तुम्ही नसाल तर रक्तानं काय दिलं आणि घरानं काय दिलं हे आम्ही वेगळं कसं करणार?"

मन्मथप्पांनी मान वर केली. "घर पण देतं का?"

"देतं ना. एकट्या माणसाचं छातीठोक नाही सांगता येत. पण देतं."

आणि त्या विचारत गेल्या. लहानपणी जेवणात काय असायचं? मीठ किती? मन्मथप्पांनी सांगितलं की सहाव्या वर्षी आणलं तेव्हा ते चार दिवस जेवले नव्हते. मग शिवप्पांनी त्यांना आपल्या ताटात बसवलं. भाकरी कुस्करायची, वर ताक, आणि वर मुठीनं मीठ. "अप्पाला मीठ लय लागायचं. मग तेच माझ्या तोंडाला बसलं. मिसरूड फुटस्तोवर एकाच ताटात जेवलो." हे सांगताना त्यांचा हात हवेत मीठ टाकत होता.

"वडील कशानं गेले?"

"अर्धांगानं." मग म्हणाले, "तेवीस दिवस काढले. बोलता येत नव्हतं. डॉक्टरनी मीठ बंद केलतं. मी पेज भरवायचो, ते तोंड फिरवायचे अन् एका बोटानं मिठाच्या डब्याकडं दाखवायचे. रोज. मी दिलं न्हाई. वाटलं, बरे होतेल. गेल्यावर दिवसकार्याच्या पंक्तीत चुलते म्हणले, पोटचा असता तर चिमूटभर घातलं असतं."

सांबप्पा दाराशी उभा होता. हे बोलणारे चुलते म्हणजे त्याचाच बाप. तो आपल्या पायाच्या अंगठ्यांकडं बघत राहिला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मीही दिलं नसतं, काका. माझ्या बाबांना मी आत्ताही देत नाही. रोज शिव्या खाते."

"लय शिव्या देतात का?"

"लय," बाई म्हणाल्या. त्यांना तो शब्द नीट म्हणता येत नव्हता, पण म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावरच्या "घरातले वडील" या ओळीवर शिवप्पांचं नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. बरोबर आहे का विचारलं. मन्मथप्पांनी बरोबर म्हटलं, बाही वर केली आणि हात पुढं केला. रक्त भरलेली नळी बर्फाच्या पेटीत जाईपर्यंत ते तिच्याकडं बघत होते. मी साक्षीदार म्हणून सही केली. डोळ्यांत पाणी आल्यानं माझं आडनाव जरा वाकडं आलं, बाई म्हणाल्या चालतंय.

आता खरी गंमत ऐका. त्याच दिवशी सांबप्पाचं मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर. पुढं दवाखान्यात दोनदा मोजलं, तेवढंच. अस्सल रक्ताचं, सरळ वारसानं आलेलं. गोळ्या लावल्या, तर हा म्हणाला, मला काही होत नाही, मी कशाला घेऊ.

दुसऱ्या दिवसापासून मन्मथप्पा सकाळी आमच्याकडं यायच्या आधी सांबप्पाच्या दुकानावर जायला लागले. गोळी, पाण्याचा तांब्या, आणि गिळली का ते तोंड उघडून दाखव. एका दुपारी त्यांनी त्याच्या घरातली लोणच्याची बरणी आणि पापडाचे दोन डबे जप्त केले. नुसते जप्त नाही, पंचनामा केला. "कैरीचे लोणचे, अंदाजे चार किलो, तेल वर आलेले, स्थिती उत्तम." पंच म्हणून माझी आणि मालकांची सही घेतली. मुद्देमाल आमच्या घरी ठेवलाय. मालकांनी त्यातल्या फोडी चोरायला सुरुवात केल्यापासून त्यांच्यावर वेगळी कारवाई चालू आहे.

सांबप्पा दुकानातून ओरडतो, ते इथपर्यंत ऐकू येतं. "अन्न गोड लागू द्या की मला. सख्खा भाऊ असता तर इतका जाच केला नसता."

त्या दिवशी मन्मथप्पा आले ते हसतच. हे वाक्य त्यांनी मला सांगितलं. मग मालकांना सांगितलं. मग मी चहा ठेवायला आत गेले, तर ओसरीवर एकटेच बसून पुन्हा म्हणून बघायलेत, हळू आवाजात, जसं काही पाठ करायलेत. म्हणाले, "वैनी, चुलते म्हणले पोटचा असता तर दिलं असतं. ह्यो म्हणतो सख्खा असता तर सोडलं असतं. दोघं बी चूकच म्हणायचे की."

मी म्हणाले, "चूक न्हाई तर काय."

रात्रीचं जेवण हल्ली ते सांबप्पाकडंच घेतात. दोघांना अळणी वाढतात आणि दोघं भांडत जेवतात. गोळीही रोज चालू आहे, आकडा एकशे तीसच्या आत आला तरी आता चेहरा पडत नाही. एकच अडचण झालीय. गल्लीत मोजायचं कुणी राहिलं नाही. सगळ्यांच्या नोंदी पक्क्या झाल्या. संध्याकाळी दप्तर खांद्याला लावून फाट्यापाशी उभे असतात, एसटीतून कुणी नवं उतरतंय का बघत.

तेव्हा तुम्ही पुन्हा या. या पंधरवड्यातच या, एक दिवस राहायच्या बेतानं. अळणी नाही वाढणार तुम्हाला, लोणचं आहे माझ्या ताब्यात. फक्त येताना सैल बाहीचं काहीतरी घालून या.